शिलाई मशीनवरून स्क्रोल सॉवर: पहिला महिना कसा काढायचा

ब्लाउजची बाही जोडताना हात एक गोष्ट आपोआप शिकतो. सुई जागच्या जागी वरखाली होते, वळतं ते कापड. कापड पुढे रेटलं की टीप वाकडी जाते, मागून ओढलं की सुई मोडते. ठाण्यात कोपरीला राहत्या घरी मी एकतीस वर्षं ब्लाउज शिवले. स्क्रोल सॉ, म्हणजे लाकडातली वळणदार नक्षी कापणारं मशीन, पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला तेवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर निम्मं काम जमलं. रंधा, पटाशी मी आयुष्यात हातात धरली नव्हती. "सुतारकाम येत नाही, मला कसं जमणार?" असं मला बऱ्याच जणी विचारतात. त्यांच्यासाठी हे सगळं नीट, क्रमाने लिहिते आहे.

मी या वाटेला लागले मखरामुळे. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि त्या वर्षी गणपतीला काय करायचं हा प्रश्न घरोघरी पडला. पुठ्ठ्याचं मखर केलं, ते खाडीवरून येणाऱ्या दमट वाऱ्याने चौथ्या दिवशी झुकलं. माझा भाचा वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, "मावशी, चार एमएमच्या प्लायची जाळी कापून देतो, वर्षानुवर्षं टिकेल." ती कापताना बघायला म्हणून गेले, आणि दहा मिनिटांत त्याला उठवून मीच स्टुलावर बसले.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वरच्या आणि खालच्या दांड्याच्या मध्ये पाच इंच लांबीचं, सुतळीपेक्षाही बारीक ब्लेड ताणून बसवलेलं असतं. ते टेबलातल्या भोकातून वरखाली होतं. लाकूड टेबलावर सपाट ठेवून, दोन्ही हातांनी फिरवत रेघेवरून न्यायचं. जाळी, अक्षरं, खेळणी, लाकडी कोडी, जिथे वळणंच वळणं आहेत तिथे या मशीनला तोड नाही. सरळ लांब फळी कापायला मात्र ते घेऊ नका, त्यासाठी दुसरी साधनं आहेत. विजेची मोटर येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, ही मशीनं पायाने चालवायची असत, थेट शिलाई मशीनसारखी पायपट्टी असलेली. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मशीन घेताना

माझी पहिली खरेदी फसली, म्हणून हा भाग लक्ष देऊन वाचा. एका दुकानदाराने मला जे मशीन दिलं त्यात फक्त पिनवालं ब्लेड बसत होतं. पिनवालं म्हणजे ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक खीळ असते आणि ती खाचेत अडकते. लावायला सोपं, दुकानदारानेही तेच सांगितलं. पण जाळी कापायची म्हणजे आधी आत भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं. ती आडवी पिन जायला पाच-सहा मिलीमीटरचं भोक लागतं. मला जाईच्या पाकळीएवढी खिडकी हवी होती, आणि भोकच तिच्याएवढं! ते मशीन वर्षभरात विकलं.

तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हा: बिनपिनचं, सपाट टोकाचं ब्लेड बसतं का? दोन्ही प्रकार बसणारी मशीनं मिळतात. नवीन माणसासाठी तीच चांगली.

दुसरा प्रश्न वेग कमीजास्त करता येतो का. साधारण मिनिटाला 400 पासून 1600 फेऱ्यांपर्यंत गोल बटणाने वेग बदलता यावा. सुरुवातीला कमी वेग नसेल तर हात घाबरतो आणि घाबरलेला हात ढकलतो.

तिसरं, गळा. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. घरच्या कामाला 16 इंच भरपूर झाले. लाकूड फिरवताना ते मागे खांबाला अडू नये एवढ्यासाठी हे माप बघायचं.

मोटर किती वॅटची याची फार चिंता करू नका. ही मशीनं साधारण शंभर वॅटच्या आसपास घेतात, मिक्सरपेक्षा कितीतरी कमी. घरातल्या साध्या पाच अँपियरच्या प्लगवर चालतात. फक्त कुणी अमेरिकेहून आणून देतो म्हणालं तर आधी पाटी वाचा. तिकडची मशीनं 120 व्होल्टची असतात, आपल्याकडे 230.

दुकानात मशीन चालवून बघा. टेबलावर पाच रुपयांचं नाणं उभं करा. चांगलं मशीन मध्यम वेगाला नाणं पाडत नाही. आम्ही मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो होतो. तिथे यंत्रांची आणि हत्यारांची दुकानं ओळीने आहेत, चार ठिकाणी हात लावून बघता येतो. ब्लेडही तिथेच डझनावारी घेतली.

आणि एवढे पैसे आत्ता घालायचे नसतील तर हातकरवतीची फ्रेम घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी, सोनार वापरतात त्याच जातीची. काही शे रुपयांत येते, ब्लेड तीच बसतात. एका पाटाला व्हीच्या आकाराची खाच पाडून तो टेबलाला शिकंज्याने आवळायचा, खाचेवर लाकूड ठेवायचं आणि कापायचं. हळू होतं, पण वळण कसं घ्यायचं ते हाताला कळतं. शिवाय आवाज नाही.

बसवायचं कुठे

मी गॅलरीत बसवलं आहे, शिलाई मशीनच्या शेजारी. उजेड डाव्या बाजूने येतो. मशीन टेबलाला बोल्टने घट्ट बसवा आणि टेबलाच्या पायाखाली रबरी बूट घाला. या मशीनचा स्वतःचा आवाज फार नाही, पण थरथर जमिनीतून खालच्या घरात जाते आणि त्यांच्याकडे ती घुमते. आमच्या खाली एक आजी आहेत. मी मशीन चालू ठेवून खाली त्यांच्या घरी जाऊन ऐकून आले, मग बूट दुप्पट जाडीचे केले. दुपारी दोन ते चार मी मशीन लावत नाही.

टेबलाची उंची अशी ठेवा की बसल्यावर कोपर टेबलापेक्षा किंचित वर राहील. खांदे वर ओढून काम केलं तर अर्ध्या तासात मान धरते. शिवणकाम करणाऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

पदर किंवा ओढणी खोचून, पिन लावून. बांगड्या काढून, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, केस बांधलेले. डोळ्यांवर चष्मा. हातमोजे घालू नका, ते ब्लेडला अडकतात आणि बोटांना लाकूड कळत नाही. बोट कधीही ब्लेडच्या थेट समोर ठेवू नका, दोन्ही बाजूंना ठेवा. ब्लेड बदलताना प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

भुशाबद्दल मी फार कडक आहे. या मशीनचा भुसा पिठासारखा बारीक असतो, आणि प्लायमध्ये डिंक असतो. एन-95 मास्क लावा. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक तंतूंचा लगदा दाबून केलेली फळी, लोण्यासारखं कापलं जातं, म्हणून नवीन लोकांना मोह होतो. पण त्याची धूळ इतकी बारीक असते की बराच वेळ घरात तरंगत राहते. बंद फ्लॅटमध्ये मी एमडीएफ कापत नाही आणि तुम्हीही कापू नका.

आता टेबल काटकोनात आहे का ते बघायचं. मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. दीड इंच जाड लाकडाचा ठोकळा घ्या, त्यात जेमतेम पाव इंच आत जाईल असा एक काप घ्या आणि मशीन बंद करा. ठोकळा तसाच टेबलावर गर्रकन अर्धा वळवून ब्लेडच्या मागच्या बाजूला न्या. तो काप ब्लेडवर अलगद बसला तर टेबल काटकोनात आहे. वर किंवा खाली अडला तर टेबल तिरकं आहे, ढिलं करून सरळ करा. एक मिनिटाचं काम. हे केलं नाही तर कापलेला तुकडा एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने अडकतो, आणि कारण कळत नाही.

ब्लेड

सगळं कसब इथे आहे. माझं स्पष्ट मत असं की पहिल्या महिन्यात मशीन शिकूच नका, ब्लेड शिका.

ब्लेडला सुईसारखे नंबर असतात, आणि सुईसारखंच नंबर वाढला की ब्लेड जाड. चार ते सहा एमएम प्लायला मी 3 नंबर लावते, नऊ ते बारा एमएमला 5, अठरा एमएमच्या फळीला 7. तुम्ही 5 नंबरचं एक डझन घेऊन सुरुवात करा आणि पहिले पंधरा दिवस दुसरं काही लावू नका. पिळाचं, चारी बाजूंनी कापणारं ब्लेडही मिळतं. लाकूड न वळवता कुठेही जाता येतं म्हणून ते सोपं वाटतं, पण कड खरखरीत येते आणि हाताला वळवण्याची सवय लागत नाही. ते नंतर कधीतरी.

दाते कुठल्या दिशेला? पुढे, म्हणजे तुमच्याकडे, आणि खाली. डोळ्यांना पटकन दिसत नाहीत. ब्लेडवरून बोटाचं टोक हलकेच वरून खाली आणि मग खालून वर फिरवा. वर जाताना बोचतं, खाली येताना सुळकन सरकतं. असं झालं तर सरळ आहे. उलटं लावलं तर लाकूड टेबलावरून उड्या मारतं. काही ब्लेडना खालच्या टोकाचे थोडे दाते मुद्दाम उलटे असतात. त्यामुळे लाकडाच्या खालच्या बाजूचे छिलके उडत नाहीत. प्लायला तेच घ्या. ते लावताना ब्लेड सगळ्यात वर आलेलं असेल तेव्हा दोन-तीनच उलटे दाते टेबलाच्या वर दिसले पाहिजेत.

ताण. शिलाई मशीनच्या दोऱ्याचा ताण जसा बोटाला कळतो तसा हा कानाला कळतो. ब्लेड ताणून बोटाने छेडा. 'भद्द' आवाज आला तर ढिलं आहे. एकतारीसारखा स्वच्छ 'टिंग' आला की थांबा. बोटाने बाजूला दाबलं तर दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त सरकू नये. ढिलं ब्लेड रेघ सोडून भटकतं आणि जाड लाकडात पोटाने वाकतं. वरची कड बरोबर, खालची चुकलेली.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही आणि पंधरा दिवस मी स्वतःला दोष देत बसले. सरळ रेघेवर लाकूड अगदी सरळ सरकवलं तरी काप उजवीकडे जातो. यात तुमचा हात चुकत नाही. ब्लेड बनवताना त्याच्या उजव्या कडेला पत्र्याची बारीक धार राहते, म्हणून ते त्या बाजूला जास्त खातं. उपाय एवढाच की लाकूड किंचित तिरपं धरायचं आणि काप रेघेवर राहील तो कोन शोधायचा. नवीन ब्लेड लावलं की रद्दी तुकड्यावर चार इंच कापून तो कोन हाताला समजू द्या. मग तो आपोआप लक्षात राहतो.

ब्लेड तुटणारच. तुटताना 'टक्' आवाज होतो, छाती धडधडते, होत मात्र काही नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, तुकडे गोळा करा. लागोपाठ तुटत असतील तर बहुतेक वेळा तुम्ही ढकलत असता. ब्लेडला धार किती वेळ राहील ते लाकडावर आहे. प्लायच्या डिंकाने ती लवकर जाते, कधीकधी वीस मिनिटांतही. लाकूड पुढे जायला कुरकुर करू लागलं, कड काळपट होऊ लागली की ब्लेड टाका. सुई बोथट झाली की आपण बदलतो ना, तसंच. बोथट ब्लेड वाचवण्यात पैसे वाचत नाहीत, लाकूड जातं.

हात बसवायला

सहा एमएम प्लायचा वहीएवढा तुकडा घ्या. पट्टीने अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाच सरळ रेघा मारा, मग पाच नागमोडी, मग पाच करवतीच्या दातांसारख्या टोकदार, आणि शेवटी एक गोगलगाय. वेग कमी. मशीनवर लाकडाला वरून दाबणारा एक पाय असतो, शिलाई मशीनसारखाच. जुने जाणते लोक तो काढून टाकतात, आडवा येतो म्हणून. तुम्ही पहिला महिना ठेवा. लाकडाला हलकेच टेकेल एवढाच खाली करा.

लाकूड टेबलावर दोन्ही तळहातांनी दाबून धरा, पण पुढे ढकलण्याचा जोर पुरी लाटताना लागतो त्याहून कमी. भाचा माझ्या मागे उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, "मावशी, ते खाईल तेवढंच दे." लहान मुलाला भरवण्यासारखं आहे. नजर ब्लेडवर ठेवू नका, ब्लेडच्या पुढे दोन-तीन मिलीमीटर रेघेवर ठेवा.

टोकदार कोपरा हा नवीन माणसाचा पहिला अडथळा. तो असा घ्यायचा. टोकापर्यंत या आणि पुढे द्यायचं थांबवा. मशीन चालूच आहे. आता लाकूड केसभर मागे घ्या, म्हणजे ब्लेडची पाठ कापाला टेकेल आणि दाते रिकामे चालतील. तसंच, पाठ टेकवलेली ठेवून, लाकूड जागच्या जागी पटकन फिरवा. एका ठिकाणी खिळा ठोकल्यासारखं. नवी रेघ समोर आली की पुन्हा पुढे द्या. कॉलरचं टोक शिवताना आपण सुई कापडात रुतवून ठेवतो, पाय उचलतो आणि कापड फिरवतो. तीच हालचाल, फक्त इथे सुई थांबत नाही. मला पहिल्या दिवशी बारा कोपऱ्यांत नऊ गोल आले. तिसऱ्या दिवशी बाराच्या बारा टोकदार आले, आणि तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे.

लाकूड

शिकायला प्लायच घ्या. फर्निचरचं काम चालू असेल तिथे मिस्त्रींना विचारा, तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात आणि मागितले की देतात. प्लायच्या दुकानातही कात्रण वजनावर किंवा फुकट मिळतं. तुकड्याची कड बघून घ्या. थरांच्या मध्ये पोकळी दिसली तर आतही असणार, आणि बारीक जाळी नेमकी तिथेच तुटते.

सागवानाची हौस लगेच नको. त्यात वाळूतला सिलिका असतो, ब्लेडची धार तो पटकन घालवतो. त्याच्या भुशाने काहींच्या हातांना खाजही सुटते. अक्षरं आणि जाळीसाठी सागवान न वापरण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

पावसाळ्यात आपल्याकडे चार एमएमचा प्लाय पापडासारखा वळतो. आणल्या आणल्या सपाट जागी, वर वजन ठेवून ठेवा, भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. मी गादीखाली ठेवते.

नक्षी चिकटवणं

कागद थेट लाकडाला चिकटवला तर काढताना जीव जातो. आधी लाकडावर कागदी मास्किंग टेप लावा, पट्टीला पट्टी भिडवून. तिच्यावर डिंकाची कांडी फिरवून नक्षीचा कागद लावा. सगळ्यात वर पारदर्शक पॅकिंग टेप. ही वरची टेप दिसायला किरकोळ, पण तिने ब्लेड थंड चालतं आणि लाकडाची कड जळत नाही. काम झालं की मास्किंग टेप टोकाला धरून ओढली की सगळं एकदम निघतं. नक्षी मोठी हवी असेल तर झेरॉक्सवाल्याला 141 टक्के सांगा, ए-फोर बरोबर ए-थ्री होतो.

पहिलं काम: घराची पाटी

पहिलं काम म्हणून देवनागरी पाटी करा, असं मी आग्रहाने सांगते. इंग्रजी अक्षरं कापली की एकेक सुटी होतात, मग ती ओळीत चिकटवण्याचा खटाटोप. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. अख्खा शब्द तिला लटकून एकसंध राहतो. जणू या कामासाठीच लिपी केली आहे.

समजा 'सावली' लिहायचं. नऊ एमएमचा प्लाय घ्या, अक्षराची उंची साडेतीन इंच धरा. फॉण्ट जाड आणि गोलसर निवडा. मुंबईच्या 'एक टाईप' या गटाने केलेला 'बलू' फुकट मिळतो आणि या कामाला छान बसतो. शिरोरेषा आणि काना किमान दहा-बारा मिलीमीटर रुंद राहतील एवढं मोठं छापून घ्या.

सागवानाचं दुसरं कारण इथे येतं. भरीव लाकडाला एकाच दिशेने रेषा असतात. त्या शिरोरेषेच्या दिशेने ठेवल्या तर काना आडव्या रेषांवर लटकतो आणि टिचकीने तुटतो. उभ्या ठेवल्या तर शिरोरेषा मोडते. प्लायमध्ये थर आळीपाळीने आडवे-उभे असतात, म्हणून दोन्ही टिकतात.

आता छापील कागदावर पेन्सिल घेऊन बसा आणि बंद खिडक्या शोधा. 'स'मध्ये एक, शिरोरेषा आणि काना यांच्यामध्ये. 'व'च्या पोटात एक. दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेषेला टेकते, तिच्याखाली एक. मराठी पाकळीच्या 'ल'मध्ये फॉण्टप्रमाणे पाकळ्या बंद किंवा उघड्या असतात, बोट फिरवून बघा. आणि फॉण्टमध्ये हिंदी वळणाचा 'ल' आला असेल तर बदलून घ्या, घराच्या पाटीवर आपलाच 'ल' हवा. प्रत्येक बंद खिडकीत रेघेपासून थोडं आत, रद्दीच्या भागात, दोन मिलीमीटरचं भोक पाडा. खाली फालतू लाकूड ठेवून पाडा म्हणजे मागून छिलका उडणार नाही.

अनुस्वाराची आधीच सोय करा. शेजारच्यांसाठी मी 'आनंद' कापलं तेव्हा 'न'वरचा ठिपका सुटून भुशात गेला आणि अर्धा तास शोधला. ठिपक्याला शिरोरेषेशी जोडणारी चार-पाच मिलीमीटरची मान कागदावरच काढा. किंवा सगळी पाटी मागच्या फळीवर चिकटवणार असाल तर ठिपका वेगळा कापून नंतर बसवा.

शिवणात काज-बटण सगळ्यात शेवटी. इथे उलटं. आतल्या खिडक्या सगळ्यात आधी, बाहेरची कड शेवटी, कारण बाहेरून कापून झालं की धरायला लाकूडच उरत नाही. ब्लेडचं वरचं टोक सोडवा, लाकूड वरून त्यावर ओवा, टोक पुन्हा अडकवा, ताण द्या, छेडून ऐका. मग भोकापासून रेघेकडे तिरपं जा आणि रेघेला हळूच मिळा, काटकोनात जाऊन धडकू नका. नाहीतर तिथे खाच राहते. खिडकी पूर्ण झाली की मधला तुकडा मशीन बंद करून काढा. प्रत्येक खिडकीला हे सगळं पुन्हा. कंटाळा येतो, पण सुईत दोरा ओवण्याचा कंटाळा आपण कधी केला का?

बाहेरची कड कापताना शिरोरेषेच्या लांब सरळ भागावर घाई होते. तिथेच काप सगळ्यात जास्त डगमगतो, आणि तिथली चूक रस्त्यावरूनही दिसते. वळणातली चूक कुणाला दिसत नाही. म्हणून मी शिरोरेषेची वरची कड रेघेच्या एक मिलीमीटर बाहेरून कापते आणि मग सपाट पट्टीवर पॉलिश पेपर गुंडाळून घासून रेघेवर आणते.

बाकी घासकाम थोडं. 150 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220. खिडक्यांच्या आत कागदाची बारीक घडी किंवा बायकांची नखं घासायची कानस उत्तम चालते. पाटी दाराबाहेर लागणार असेल तर वॉर्निशचे दोन हात द्या, आणि कडांना तीन. प्लाय पाणी कडेने पितो.

'सावली'सारखी पाटी हातून निघाली की मग जाळी. चार एमएम प्लायचे चार तुकडे एकावर एक रचून कडेने टेपने घट्ट बांधा. एकदा कापलं की चार सारख्या कमानी मिळतात, मखराच्या चारी बाजूंना. अशा गठ्ठ्यात ब्लेड सरळ राहिलं पाहिजे, म्हणून टेबलाची काटकोनाची परीक्षा पुन्हा करा आणि नवीन ब्लेड लावूनच बसा. गणपतीच्या निदान दीड महिना आधी कापायला घ्या. आषाढात रंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात.

रोज उठताना ब्लेडचा ताण सैल करा. लोखंडी टेबलावर मेणबत्ती फिरवून सुक्या फडक्याने घासा, लाकूडही छान सरकतं आणि गंजही धरत नाही. उरलेली ब्लेड तेलाचं बोट लावलेल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. मी माझ्या जुन्या बॉबिनच्या डब्यात ठेवते.